नजरचुकीने राहिलेलं नाव

शनिवार, ६ जुलै २०२४

निवृत्त झालो तेव्हा अनुयाने ही वही दिली होती, "बाबा, रोज लिहा" म्हणून. तीन वर्षं कोरी राहिली. आज लिहिण्यासारखं काही आहे.

उन्मेष दातारच्या खगोल मंडळात मी दीड महिना जातोय. अंबरनाथ पूर्वेला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर एक खोली, दहा-बारा माणसं, सगळी नोकरी-घर सांभाळून हौस करणारी. या महिन्यात मंडळाला एका परदेशी शोधमोहिमेत भाग मिळालाय. हवाई बेटावरच्या मोठ्या दुर्बिणीने काढलेली आकाशाची चित्रं आपल्याला मिळतात. एकाच जागेची चार चित्रं म्हणजे एक संच, मध्ये पंधरा-वीस मिनिटांचं अंतर. लॅपटॉपवर ती एकामागून एक फिरवायची. तारे जागचे हलत नाहीत. एखादा ठिपका सरळ रेषेत सरकत असेल तर तो लघुग्रह. मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात असे लाखो दगड फिरतायत. जे माहीत आहेत त्यांच्याभोवती सॉफ्टवेअर आपोआप चौकोन काढतं. चौकोन नसलेला सरकता ठिपका सापडला तर तो नवा असू शकतो. त्याचं मोजमाप करून मोहिमेच्या कार्यालयाला कळवायचं.

हे काम माझ्या हाताचं आहे. चौतीस वर्षं एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोल केलं. माझ्या सहीशिवाय एक ड्रम गेटबाहेर गेला नाही.

उन्मेषने जोड्या लावल्या. माझ्यासोबत अंजना साळवे म्हणून एक बाई आहेत. सत्तेचाळीसच्या आसपास, विठ्ठलवाडीला राहतात. उल्हासनगरला कुठल्याशा पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहेत. मी विचारलं, काय काम असतं? म्हणाल्या, "दिवसभर काचा, सर. दुसरं काही नाही." काचा धुण्याचं काम कंटाळवाणंच असणार. तरी वेळ काढून इथवर येतात याचं कौतुक वाटलं. त्यांना इंग्रजी सूचना मराठीत समजावून सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

शनिवार, १३ जुलै २०२४

जे झालं ते क्रमाने लिहितो.

दुपारी दोनला बसलो. तिसऱ्या संचात अंजनाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "सर, हा बघा. इथून असा खाली चाललाय."

मला काही दिसेना. त्यांनी पेनाच्या टोकाने जागा दाखवली. पहिल्या चित्रात एक अगदी फिका डाग होता. दुसऱ्यात थोडा बाजूला. तिसऱ्यात नव्हताच. चौथ्यात पुन्हा काहीतरी.

मी म्हटलं, "कॅमेऱ्याचा कचरा आहे हा. तिसऱ्या चित्रात नाहीच आहे."

"तिसऱ्यात तो ह्या मोठ्या ताऱ्याच्या आड गेलाय. ताऱ्याची ही कड बघा, इतर तीन चित्रांत गोल आहे. इथे जराशी फुगलीय."

"अंजनाबाई, आपण आकडा बघायचा. भास नाही."

त्यांनी त्यांच्या छोट्या वहीत दोन ओळी लिहिल्या आणि पुढचा संच उघडायला सांगितला. चार वाजता त्यांची दुसरी पाळी होती, त्या निघून गेल्या.

पाचच्या सुमारास खोलीत मी एकटाच होतो. सहज तो संच पुन्हा उघडला. चित्र मोठं केलं. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या चित्रातल्या जागा मोजल्या. तिन्ही एका सरळ रेषेत. अंतरंही वेळेच्या हिशोबात बसत होती. तिसऱ्या वेळी तो जिथे असायला हवा, बरोबर तिथे त्या ताऱ्याची फुगलेली कड. आजूबाजूला चौकोन नाही. म्हणजे कुणालाच माहीत नसलेला.

अहवालाच्या नमुन्यात शोधणाऱ्याचं नाव लिहायची एक ओळ असते. मी माझं नाव लिहिलं आणि पाठवून दिलं.

मोजमाप मी केलं. पाठवलंही मी. त्या फक्त "हा बघा" म्हणाल्या होत्या. असं मी घरी येईपर्यंत तीन-चार वेळा स्वतःला सांगितलं. घाई होती हेही खरं आहे. पण नाव टाइप करायला जेवढा वेळ लागला तेवढाच दुसरं नाव टाइप करायला लागला असता.

बुधवार, १७ जुलै २०२४

सकाळी मेल आला. प्राथमिक शोध म्हणून नोंद झाली. शशिकांत कर्णिक, अंबरनाथ, भारत.

मालिनीला वाचून दाखवलं. तिने हातातली भाजी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून हसली. लग्नाच्या इतक्या वर्षांत तिला माझ्या कामातलं काही वाचून दाखवावं असं आलंच नव्हतं.

"तुम्ही एकट्याने शोधलात?"

"हो," म्हणालो.

शनिवार, २० जुलै २०२४

उन्मेषने मंडळात पेढे वाटले. अंजनाबाई जरा उशिरा आल्या. उन्मेषने त्यांनाही पेढा दिला, म्हणाला, "ताई, तुमच्या जोडीदाराने कमाल केली. नवा लघुग्रह."

त्यांनी विचारलं, "कोणत्या संचातला?"

उन्मेषने लॅपटॉपवर दाखवला. मी तेव्हा खिडकीजवळ उभा राहून खाली रिक्षास्टँडकडे बघत होतो. पाठीमागे लॅपटॉपची कळ चार वेळा दाबल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, "हो का. चांगलं झालं, सर."

त्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. कदाचित त्यांना तो संच आठवतही नसेल. इतके संच बघतो आपण.

नंतर आम्ही दोन तास शेजारी बसून काम केलं. त्यांनी एकदाही पडद्यावर बोट ठेवलं नाही.

रविवार, ४ ऑगस्ट २०२४

बदलापूरला मंडळातर्फे सत्कार. शाल, नारळ, मानपत्र. हॉल भरलेला होता. कंपनीतले जुने तिघेजण आले होते. निवेदकाने माझी ओळख "निवृत्तीनंतरही ज्यांची नजर आकाशावर आहे" अशी करून दिली.

भाषणात मी चार चित्रांची गोष्ट सांगितली. तिसऱ्या चित्रात ठिपका दिसत नव्हता, तरी मी सोडला नाही, ताऱ्याची कड फुगलेली माझ्या लक्षात आली, असं सांगितलं. हे बोलायचं म्हणून ठरवलेलं नव्हतं. बोलता बोलता तोंडातून आलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अंजनाबाई बसल्या होत्या तिकडे मी पाहिलं नाही, पण त्या कुठे बसल्यात हे मला सगळा वेळ माहीत होतं. चौथ्या रांगेत, भिंतीकडून दुसरी खुर्ची.

चहाच्या वेळी उन्मेषने सहज त्यांना कप भरायला सांगितलं. त्या भरत होत्या. माझा कप त्यांनीच दिला. मी थँक्यू म्हटलं.

घरी आल्यावर मालिनीने शाल घडी करून कपाटात ठेवली. मानपत्र भिंतीवर लावू या का, म्हणून मी विचारलं. म्हणाली, "बघू."

शनिवार, १० ऑगस्ट २०२४

अंजनाबाई आल्या नाहीत. उन्मेष म्हणाला, ड्युटी असेल. मी एकटाच संच बघत बसलो. एकही नवा ठिपका मिळाला नाही. आधीच्या पाच शनिवारांत आमच्या जोडीने जे जे पकडलं, त्यातलं मी स्वतः काय पकडलं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. एक आठवतो. त्याच्याभोवती चौकोन होता.

शनिवार, २४ ऑगस्ट २०२४

आजही त्या नाहीत. मंडळाच्या व्हॉट्सॅप गटातूनही बाहेर पडल्यात. एका स्थानिक पेपरात माझा फोटो आलाय. वाण्याने सुटे पैसे देताना सांगितलं.

शुक्रवार, ३० ऑगस्ट २०२४

मालिनीला बुधवारपासून ताप. आधी थंडी वाजते, मग एकशे तीनपर्यंत चढतो, घाम येऊन उतरतो. आमच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला दिलं. डेंग्यू नाही. मलेरियाची पट्टीवरची झटपट चाचणीही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणाले, व्हायरल असेल, तरी उल्हासनगरच्या मोठ्या लॅबकडे नमुना पाठवलाय, तिथे रक्ताची काच मायक्रोस्कोपखाली नीट बघतात.

आज ती बाथरूममध्ये जाताना भिंत धरून उभी राहिली. तिच्या अंगात एवढं हलकेपण मी कधी पाहिलं नव्हतं.

रविवार, १ सप्टेंबर २०२४

सकाळी रिपोर्ट मोबाइलवर आला नाही म्हणून स्वतः गेलो. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये, कापडाच्या दुकानांच्या वर लॅब आहे. काउंटरवर रिपोर्ट मिळाला. खाली छापलं होतं: मलेरियाचे परजीवी आढळले. त्याखाली दोन ओळी. काच तपासणी: अंजना साळवे, वरिष्ठ तंत्रज्ञ. पडताळणी: डॉ. भाविका वाधवानी.

मी ते नाव परत परत वाचत उभा राहिलो. काउंटरवरच्या मुलीला विचारलं, ह्या साळवे कोण? तिने आतल्या काचेच्या दाराकडे बोट केलं. आत मायक्रोस्कोपवर वाकून त्या बसलेल्या होत्या. डाव्या हाताने काच कणाकणाने सरकवत होत्या आणि उजव्या हाताने न बघता कागदावर खुणा करत होत्या.

डॉ. वाधवानी बाहेर आल्या. पेशंट तुमच्या कोण, विचारलं. मी सांगितलं. म्हणाल्या, "नशीब समजा. पट्टीवर काहीच आलं नव्हतं, मशीननेही पकडलं नाही. परजीवी इतके कमी होते की दोसौ फील्ड देखे, काचेवरच्या दोसौ जगह, कुछ नहीं. दुसरं कोणी असतं तर निगेटिव्ह लिहून मोकळं झालं असतं. अंजनाताई पुढे बघत राहिल्या. मग एक दिसला, मग दुसरा. पंचवीस साल का तजुर्बा है. त्यांनी बघितलेलं मी परत बघते ते फक्त नियम आहे म्हणून."

"नाव त्यांचं छापता तुम्ही?" मी विचारलं. का विचारलं कोण जाणे.

त्यांना प्रश्न कळला नाही. "जिसने देखा उसका नाम," म्हणाल्या. "मग दुसरं कोणाचं छापणार?"

मी आत गेलो नाही. रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवला आणि जिना उतरलो. काचा धुण्याचं काम. हे मी याच वहीत लिहिलंय. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं होतं, दिवसभर काचा. मी पुढे काहीच विचारलं नव्हतं. त्या माणसाला मी ठिपका आणि भास यांतला फरक शिकवत होतो.

सोमवार, ९ सप्टेंबर २०२४

औषध लागू पडलं. ताप चार दिवस नाही. चौदा दिवसांच्या गोळ्या पुऱ्या करायच्यात. यंदा दीड दिवसाचा गणपती कसाबसा केला. काल विसर्जन झाल्यावर मालिनीशेजारी बसून तिला सगळं सांगितलं. १३ जुलैपासून.

तिने पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मला वाटलंच होतं."

"कधी?"

"तुम्ही 'हो' म्हणालात तेव्हा. तुम्ही कधी एका शब्दात उत्तर देत नाही."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "आणि माझा ताप त्यांनीच शोधला?"

"हो."

तिने कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. रडत होती की नुसती पडून होती ते मी पाहायला गेलो नाही. हेही मला लिहायलाच हवं.

शनिवार, १४ सप्टेंबर २०२४

उन्मेषला गाठलं. बाकीचे यायच्या आधी सांगून टाकलं. त्याचा चेहरा उतरला. मग तो खुर्चीत पुढे सरकून बसला, कामाचं बोलायच्या आवाजात म्हणाला, "सर, किती जणांना माहितीये हे?"

"मालिनीला. आणि त्यांना."

"ताई कुणाला बोलल्या नाहीत अजून. मग असं करू. कार्यालयाला मेल टाकू की जोडीने काम केलं होतं, दुसऱ्या सदस्याचं नाव नजरचुकीने राहिलं. ते नवं प्रमाणपत्र देतील, दोन नावांचं. पुढच्या वर्षीची मोहीम मंडळाला मिळायला हवी सर. खोटा अहवाल वगैरे शब्द गेले तर संपलंच."

मला एकदम मोकळं वाटलं. मेल त्यानेच लिहिला, मी वाचला, दोघांनी पाठवला. येताना मी मालिनीसाठी शहाळं घेतलं. इतकं सोपं होतं, असं मनात आलं.

शनिवार, २८ सप्टेंबर २०२४

दोन नावांचं प्रमाणपत्र परवा आलं. रंगीत छापून घेतलं, पाकिटात घातलं आणि दुपारी लॅबवर गेलो. त्यांची जेवणाची सुटी होती. मागच्या बाजूच्या छोट्या खोलीत डबा उघडून बसल्या होत्या. मला पाहून उठल्या. "या सर. मिसेस कशा आहेत?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. काच बघताना नाव वाचलं होतं त्यांनी. मालिनी कर्णिक, अंबरनाथ. आणि तरीही दोनशेच्या पुढे बघत राहिल्या होत्या. नाही, हे वाक्य मी चुकीचं लिहिलं. "तरीही" कशाला? त्या सगळ्यांच्याच काचा तशा बघत असणार.

मी पाकीट पुढे केलं. म्हणालो, तुमचं नाव घालून घेतलंय. त्यांनी हात पुसले, प्रमाणपत्र वाचलं. सोबत मेलची प्रत होती तीही वाचली. अगदी सावकाश, एकेक ओळ.

"नजरचुकीने," त्या म्हणाल्या.

"तसं लिहावं लागलं. मंडळाचं..."

"नजर चुकली नव्हती, सर. माझीही नाही आणि तुमचीही नाही."

मला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती.

त्यांनी पर्समधून ती छोटी वही काढली. पान उघडून माझ्यासमोर धरलं. १३ जुलै, संचाचा क्रमांक, ठिपक्याची जागा, खाली लिहिलेलं: तिसऱ्यात ताऱ्याआड, कड बघणे. सर नाही म्हणतात.

"ही तुमच्याकडे होती," मी म्हटलं, "तर तुम्ही त्याच दिवशी का नाही दाखवली? उन्मेषला दाखवली असती तरी..."

"सर, मी पंचवीस वर्षं वही ठेवतेय. आधीच्या नोकरीत काही चुकलं की पहिलं मला बोलवायचे. मग मी वही काढायची, मग सिद्ध व्हायचं की माझं बरोबर होतं. मग सॉरी म्हणायचे, नाहीतर तेही नाही. इथे मॅडमकडे आले तेव्हापासून वही लागत नाही. मंडळात मी हौसेला येत होते. हौसेच्या जागीही वही दाखवून जागा मिळवायची असेल तर मला ती नको."

त्यांनी प्रमाणपत्र पाकिटात घातलं आणि परत दिलं. "तुम्ही बोलाल म्हणून मी वाट बघितली. सत्काराच्या दिवसापर्यंत. तिथे तुम्ही ताऱ्याच्या कडेचं सांगितलंत ना, तेव्हा सोडून दिलं."

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"हे मला माहितीये," त्या म्हणाल्या. "ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा."

मग डब्याचं झाकण लावून त्या आत गेल्या. अर्धं जेवण तसंच राहिलं होतं, माझ्यामुळे.

रविवार, ६ ऑक्टोबर २०२४

आठवडाभर मेलचे मसुदे करतोय. पहिल्यात लिहिलं, "गैरसमजातून." खोडलं. दुसऱ्यात, "माझ्या सहकाऱ्याने प्रथम लक्ष वेधलं होतं." लक्ष वेधलं होतं म्हणे. खोडलं. कंपनीत असे शब्द मी कितीदा वापरले असतील. बॅच बिघडली की रिपोर्टमध्ये कुणीच काही केलेलं नसायचं, सगळं आपोआप झालेलं असायचं. खाली माझी सही.

आज पाठवलेला असा: हा ठिपका अंजना साळवे यांनी शोधला. त्यांनी दाखवल्यावर मी तो नाकारला. त्या गेल्यावर मी मोजमाप केलं, तो खरा निघाला, आणि मी जाणूनबुजून फक्त माझं नाव लिहून पाठवलं. १४ सप्टेंबरच्या मेलमध्ये हे नजरचुकीने झाल्याचं लिहिलं आहे, तेही खोटं आहे. यात मंडळातल्या इतर कुणाचाही दोष नाही.

शेवटचं वाक्य उन्मेषसाठी. तेही पूर्ण खरं नाही, पण त्याचं त्याने बघावं.

पाठवल्यावर त्याला फोन केला. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, तुम्ही रिटायर्ड आहात. तुमचं काय जातंय? आठ वर्षं मी हे मंडळ उभं करतोय." फोन ठेवला. त्याचं म्हणणं खोटं नाही.

रविवार, २० ऑक्टोबर २०२४

मंडळाचा वार्षिक कार्यक्रम, बदलापूरला त्याच हॉलमध्ये. उन्मेष मला बोलू द्यायला तयार नव्हता. मालिनी त्याच्याशी बोलली. काय बोलली ते दोघांनीही सांगितलं नाही. त्याने पाच मिनिटं दिली.

अंजनाताईंना मी मेसेज केला होता. उत्तर नव्हतं. पण त्या आल्या होत्या, पुन्हा चौथ्या रांगेत, सोबत शेजारची कुणी बाई होती.

कागदावर लिहून नेलं होतं, ते वाचलं. ऑगस्टमध्ये याच जागी मी सांगितलं की ताऱ्याची कड माझ्या लक्षात आली. ती अंजना साळवे यांच्या लक्षात आली होती. मी त्याला भास म्हणालो होतो. नंतर त्यांचा शोध मी चोरला. चोरला हा शब्द मी घाईत वाचला. पुन्हा वाचला.

कंपनीतला जुना सुजित दुसऱ्या रांगेत होता, तो खाली बघत होता. मी माइक ठेवला. तेवढ्यात कार्यक्रमाचे अध्यक्ष उठले, मला मिठी मारली आणि माइकवर म्हणाले, "केवढा मोठेपणा लागतो याला. आजच्या काळात अशी माणसं दुर्मिळ झाली." आणि टाळ्या. ऑगस्टपेक्षा जास्त.

मला बरं वाटलं. दोन-तीन सेकंद अगदी स्पष्ट बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो. मग चौथ्या रांगेकडे नजर गेली. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या. माझ्याकडे बघतही नव्हत्या. माझ्या चोरीतून मी दुसऱ्यांदा सत्कार करून घेत होतो, आणि त्या पुन्हा खाली बसलेल्या होत्या.

मी माइक परत घेतला. म्हटलं, "मोठेपणा नाही, उशीर आहे. टाळ्या माझ्यासाठी नकोत." अध्यक्षांना ते आवडलं नाही. उन्मेष पुढे आला, त्याने माझ्या हातातून माइक घेतला आणि म्हणाला, "साळवे मॅडम, तुम्हाला वर येऊन हा शोध कसा लागला ते सांगायला आवडेल का?"

त्या उभ्या राहिल्या. जागेवरूनच म्हणाल्या, "आज नको. पाळी आहे माझी. पुढच्या वेळी चित्रं लावणार असाल तर दाखवीन." आणि शेजारणीसोबत निघून गेल्या. जाताना माझ्याजवळून गेल्या. "येते सर," म्हणाल्या. एवढंच.

मंगळवार, १८ मार्च २०२५

कार्यालयाने नोंद बदलली. शोध: अंजना साळवे. मोजमापाच्या रकान्यातही माझं नाव नको, असं मी कळवलं होतं. तिथून उत्तर आलं की मोजमाप तुम्हीच केलं आहे, ते पुसता येणार नाही. आणि एक वर्ष तुमचे अहवाल स्वीकारले जाणार नाहीत. दोन्ही योग्य आहे. मंडळाला मोहीम मिळाली. उन्मेष मला भेटला की नमस्कार करतो.

लघुग्रहाला तात्पुरता क्रमांक मिळालाय. २०२४ आणि त्यापुढे एन, जुलैच्या पहिल्या पंधरवड्याचं अक्षर. मुख्य पट्ट्यातलाच आहे, सूर्याभोवती एक फेरी साडेचार वर्षांची. पृथ्वी मात्र दर पंधरा-सोळा महिन्यांनी त्याला गाठते, तेव्हा तो नीट दिसतो. अजून बऱ्याच वेळा दिसावा लागेल, कक्षा पक्की व्हावी लागेल. मग कायमचा क्रमांक. मग शोधणाऱ्याला नाव सुचवता येतं. सात-आठ वर्षं तरी जातील. मी सत्तरीत असेन. ते नाव काय असेल हे मला कुणी सांगेलच असं नाही, आणि मी विचारू नये.

अंजनाताईंनी विठ्ठलवाडीत स्वतःचा गट सुरू केलाय. लॅबमधल्या दोघी आणि शेजारच्या संध्याताई. मालिनीने हे मला सांगितलं. ती त्यांच्याशी फोनवर बोलते, डिसेंबरपासून. मला आजच कळलं.

रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

दुपारी जेवण झाल्यावर मोबाइलवर मेसेज आला. अंजनाताईंचा, तेरा महिन्यांनी. मालिनीला नाही, मला. चार चित्रं आणि खाली एक ओळ: "सर, आपलावाला परत समोर आलाय. आमच्या संचात सापडला. मोजणीत एका चित्राचा आकडा जुळत नाहीये, बघाल का?"

त्यांनी ठिपक्याभोवती खूण केलेली नव्हती. मुद्दाम की घाईत, माहीत नाही. ते ओळखायचा प्रयत्न मी आता करत नाही.

लॅपटॉपवर चित्रं घेतली. एकामागून एक फिरवली. उजेड कमी-जास्त केला, चित्र उलटं केलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पट्टे पाडून बघितलं. दोन वेळा काहीतरी सरकल्यासारखं वाटलं आणि तो डाग निघाला. मालिनी चहा ठेवून गेली, तो निवला. दीड तास झाला. मला तो दिसला नाही.

गेल्या वर्षीच्या कक्षेवरून जागा काढता आली असती. गणित करून मी सांगू शकलो असतो की हा इथे आहे, आणि त्यांना कळलंही नसतं की मला दिसलेला नाही.

मी लिहिलं, "दीड तास बघितलं. मला दिसत नाहीये. तुम्ही जागा दाखवा, मग आकडा तपासतो."

पाच मिनिटांनी चित्र परत आलं, लाल पेनाने छोटं वर्तुळ काढलेलं. मी पाहिलं. होता.